पूर्वविवर्धक, निर्वात नलिकायुक्त
ध्वनिग्राहकापासून किंवा तत्सम साधनापासून मिळणारा अतिशय क्षीण विद्युत् संकेत मुख्य विवर्धकास पुरेल इतका मोठा करणाऱ्या पहिल्या मंडलास पूर्वविवर्धक म्हणतात. त्यात विवर्धनाचे कार्य निर्वात नलिकेकडून होत असेल, तर तो निर्वात नलिकायुक्त पूर्वविवर्धक होय. रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर या नलिकेस ‘वॉल्व्ह’ म्हणतात. पूर्वविवर्धकाची रचना साधी असते व मोजक्या घटकांतून तो घरीही बांधता येतो. मात्र ध्वनिमुद्रणाच्या किंवा मापनाच्या साखळीतील सर्वांत नाजूक दुवा तोच असतो. पहिल्या टप्प्यात संकेतात मिसळलेला गोंगाट (अनिष्ट संकेत) पुढील प्रत्येक टप्प्यात संकेताबरोबरच वाढत जातो व नंतर तो वेगळा काढता येत नाही. म्हणून क्षीण संकेत उगमाजवळच व शक्य तितका स्वच्छ वाढवावा, हे पूर्वविवर्धकाच्या बांधणीचे मूलसूत्र आहे. मुंबईच्या पूर्व उपनगरातील ट्रॉम्बे (जुने मराठी नाव तुर्भे) येथे अणुसंशोधनासाठी लागणारी इलेक्ट्रॉनीय उपकरणे १९५० नंतरच्या दशकात देशातच बांधली गेली, तीही याच सूत्राला धरून.

इतिहास : जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन अग्रांची नलिका (द्विप्रस्थ) तयार केली. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तीत जाळीसारखे तिसरे अग्र घातले व त्रिप्रस्थ नलिका अस्तित्वात आली. दुर्बळ संकेताने प्रबळ प्रवाहाचे नियंत्रण करणे त्यामुळे शक्य झाले. ई. सी. वेंटे यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात बनविलेल्या धारित्र ध्वनिग्राहकाचे उत्पादन इतके क्षीण होते की, त्याच्या अगदी जवळ नलिकायुक्त विवर्धक बसविणे अपरिहार्य ठरले. १९२८ पासून जर्मनीत गेऑर्ग नॉयमान यांच्या कारखान्यात बनू लागलेल्या ध्वनिग्राहकांत ही नलिका ध्वनिग्राहकाच्या दांड्यातच बसविलेली असे. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी नभोवाणी केंद्र सुरू झाले. तेव्हापासून पुढे सुमारे चार दशके नभोवाणी, बोलपट व सार्वजनिक सभा यांतील ध्वनिविवर्धनाची भिस्त मुख्यतः निर्वात नलिकांवरच होती. ट्रँझिस्टराचा शोध १९४७ साली लागला व १९६० नंतर त्याने नलिकेची जागा झपाट्याने घेतली.

ट्रॉम्बे येथील कार्य : अणुऊर्जेच्या संशोधनासाठी ‘ॲटॉमिक एनर्जी एस्टॅब्लिशमेंट, ट्रॉम्बे’ ही संस्था १९५४ साली स्थापन झाली. होमी जहांगीर भाभा यांच्या मृत्यूनंतर, १९६७ साली, तिला ‘भाभा अणुसंशोधन केंद्र’ असे नाव देण्यात आले. तिच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाची जडणघडण अय्यगारी सांबशिव राव यांच्या नेतृत्वाखाली झाली. येथील ‘अप्सरा’ हा अणुकेंद्रीय विक्रियक (अणुभट्टी) ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाला. त्याचे इंधन ब्रिटनमधून आले होते. परंतु त्याची नियंत्रण व मापन उपकरणे भारतीय तंत्रज्ञांनी देशातच तयार केली. त्या काळातील अशी उपकरणे मुख्यत्वे निर्वात नलिकांवर चालत.

अणुकेंद्रीय अभिज्ञातक (किरणोत्सर्गाचे अस्तित्व दाखविणारे साधन) आणि ध्वनिग्राहक यांची समस्या एकच आहे. हवेने भरलेल्या आयनीकरण कोठीत ५० लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा एक आल्फा कण पूर्णपणे थांबला, तर सुमारे दीड लक्ष आयन-जोड्या निर्माण होतात. कोठी व नलिकेचे जालक यांची मिळून धारिता २० पिकोफॅराड असल्यास या विद्युत् भारामुळे साधारण १ मिलिव्होल्ट दाबाचा स्पंद मिळतो. तोंडाजवळ धरलेल्या गतिक ध्वनिग्राहकात (चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याच्या ध्वनिग्राहकात) नेहमीच्या बोलण्याने १ ते २ मिलिव्होल्ट दाब निर्माण होतो, म्हणजे दोन्ही संकेत जवळजवळ सारखेच क्षीण असतात. कोठी व नलिका यांमध्ये ५ मीटर लांबीची आच्छादित तार घातली, तर दर मीटरला १०० पिकोफॅराड या हिशेबाने धारितेत ५०० पिकोफॅराडची भर पडते व तोच स्पंद १ मिलिव्होल्टच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्याइतका उरतो. यामुळेच अभिज्ञातकाचा पूर्वविवर्धक त्याच्या शेजारीच बसवितात आणि वाढविलेला संकेत लांब तारेतून नियंत्रणकक्षाकडे नेतात.

दोष उत्पन्न झाल्यावर मात्र या दोन उपयोगांत मोठा फरक पडतो. ध्वनीचा पूर्वविवर्धक बिघडला, तर आवाज बंद होतो किंवा गुणगुण ऐकू येते आणि दोष लगेच ध्यानात येतो. विक्रियकाच्या मापनात पूर्वविवर्धक मुका झाला, तर दर्शक शून्याकडे जातो आणि शून्य म्हणजे सुरक्षित स्थिती असा चुकीचा बोध होऊ शकतो. म्हणून विक्रियकांच्या नियंत्रणात एकाच राशीचे मापन अनेक स्वतंत्र मंडलांनी करतात आणि मंडलात बिघाड होताच विक्रियक बंद होण्याकडेच कल राहील अशी योजना करतात. ट्रॉम्बे येथे उपकरणनिर्मितीचा जो अनुभव मिळाला, त्यातूनच १९६७ साली हैदराबाद येथे ‘इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ हा सरकारी उद्योग उभा राहिला.

कार्यतत्त्व : त्रिप्रस्थ नलिकेत तापकाने (विद्युत् प्रवाहाने तापणाऱ्या तारेने) तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात व धन विद्युत् दाब असलेल्या धनाग्राकडे जातात. वाटेतील जालकावर ऋणाग्राच्या मानाने थोडा ऋण दाब असतो. त्यात किंचित बदल झाला तरी धनाग्र-प्रवाहात लक्षणीय बदल होतो. हा प्रवाह धनाग्राला जोडलेल्या रोधकातून नेल्यास रोधकाच्या टोकांशी जालकावरील संकेताची मोठी प्रतिकृती मिळते.

गोंगाटाचे मूळ पदार्थाच्या औष्णिक हालचालीत असते. कोणत्याही रोधकात इलेक्ट्रॉनांच्या स्वैर गतीमुळे अल्पसा विद्युत् दाब सतत निर्माण होत असतो. २०० ओहम संरोधाच्या (प्रत्यावर्ती प्रवाहास होणाऱ्या एकूण विरोधाच्या) ध्वनिग्राहकात, २० किलोहर्ट्‌झ कंप्रतापट्ट्यात, तो साधारण पाव मायक्रोव्होल्ट असतो. नलिकेतील प्रवाहाच्या अनियमिततेमुळे होणारा गोंगाट पुढे वर्णिलेल्या मंडलात जालकाशी जोडलेल्या सुमारे २,००० ओहमच्या रोधकाइतका मानता येतो. ध्वनिग्राहक थेट जालकाला जोडला, तर नलिकेचा गोंगाट ध्वनिग्राहकाच्या गोंगाटावर मात करतो. मध्ये १ : १० वेढ्यांचे प्रमाण असलेले रोहित्र घातले म्हणजे संकेताचा दाब दहापट होतो व २०० ओहम संरोध जालकाच्या बाजूने २०,००० ओहम भासतो. आता नलिकेचे २,००० ओहम त्यापुढे गौण ठरतात. आदान रोहित्र कोणताही शक्तिपुरवठा न घेता संकेत वाढविते आणि गोंगाटाचे प्रमाणही राखते, ते याच कारणाने. ते पूर्वविवर्धकाच्या पेटीतच असावे लागते. कारण २०,००० ओहमच्या बाजूस १० मीटर तार जोडली, तर तिच्या धारितेमुळे ८ किलोहर्ट्‌झच्या वरील स्वर दबू लागतात. कमी संरोधाच्या बाजूस तीच तार बाधत नाही.

मंडलाची रचना : घरगुती बांधणीस ईसीसी ८३ (अमेरिकी नाव १२ एएक्स ७) ही नलिका सोयीची आहे. एकाच काचेच्या आवरणात दोन त्रिप्रस्थ असलेल्या या नलिकेचा विवर्धन गुणक १०० आहे. पहिल्या त्रिप्रस्थाच्या धनाग्राला २५० व्होल्ट पुरवठ्यापासून १०० किलोओहमचा रोधक जोडतात. ऋणाग्र व भूमी यांमध्ये १·५ किलोओहमचा रोधक आणि त्याला समांतर ४७ मायक्रोफॅराड, २५ व्होल्टचे धारित्र असते. या मांडणीत सुमारे ०·८६ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. त्यामुळे ऋणाग्रावर १·३ व्होल्ट व धनाग्रावर साधारण १६४ व्होल्ट दाब राहतो आणि संकेत सुमारे ५४ पट वाढतो. जालकाचा ऋण दाब ऋणाग्र-रोधकामुळे आपोआप मिळतो. रोहित्राच्या द्वितीयक वेटोळ्याचे दुसरे टोक भूमीला जोडल्याने जालकाचे भूमीशी नाते कायम राहते.

धनाग्रावरील संकेत ०·१ मायक्रोफॅराड, ४०० व्होल्टच्या धारित्रातून ५०० किलोओहमच्या आवाज-नियंत्रकाकडे (बदलत्या रोधकाकडे) आणि तेथून तशाच दुसऱ्या धारित्रातून दुसऱ्या त्रिप्रस्थाच्या जालकाकडे नेतात. दुसरे त्रिप्रस्थ ऋणाग्र-अनुगामी म्हणून वापरतात. त्याचे धनाग्र थेट २५० व्होल्टला जोडलेले असते व ऋणाग्राखाली १·५ आणि १०० किलोओहमचे दोन रोधक एकापुढे एक असतात. जालकाचा १ मेगओहमचा रोधक या दोघांच्या सांध्यावर आणून जोडतात. अनुगामी टप्पा दाब वाढवीत नाही. परंतु त्याचे उत्पादन संरोध कमी असल्याने पुढील तार व उपकरणे यांचा भार तो पेलतो. ऋणाग्रापासून २·२ मायक्रोफॅराडच्या धारित्रातून उत्पादन घेतात. रोहित्राची दहापट व पहिल्या त्रिप्रस्थाची ५४ पट मिळून आणि किरकोळ घट वजा जाता एकूण वाढ सुमारे ५०० पट होते. २ मिलिव्होल्टचा संकेत त्यामुळे १ व्होल्टपर्यंत पोहोचतो.

शक्तिपुरवठा : दोन्ही त्रिप्रस्थांना मिळून २ मिलिअँपिअरपेक्षाही कमी प्रवाह लागतो. २३० व्होल्ट घरगुती पुरवठ्यावर चालणाऱ्या रोहित्राच्या २०० व्होल्टच्या द्वितीयक वेटोळ्यापासून सेतू एकदिशकारकाने सुमारे २८० व्होल्ट एकदिश दाब मिळतो. ४५० व्होल्ट सहन करणारी ४७ मायक्रोफॅराडची तीन धारित्रे व त्यांमधील ४·७ किलोओहमचे दोन रोधक यांचे छानक मंडल (प्रवाहातील चढउतार गाळणारे मंडल) हा दाब २५० व्होल्टवर आणते. शेवटच्या धारित्रावर १८० व ३३ किलोओहमचे, प्रत्येकी १ वॉटचे, रोधक एकापुढे एक कायमचे जोडतात. त्यामुळे पुरवठा बंद केल्यावर धारित्रे रिकामी होतात; शिवाय या दोघांच्या सांध्यावर सुमारे ४० व्होल्ट दाब मिळतो. तापकासाठी ६·३ व्होल्ट, ०·३ अँपिअरचे स्वतंत्र वेटोळे असते. त्याच्या दोन्ही टोकांपासून १०० ओहमचे दोन रोधक एकत्र आणून तो सांधा वरील ४० व्होल्टच्या बिंदूला जोडतात. असे केल्याने तापकाकडून ऋणाग्राकडे होणारी गळती थांबून गुणगुण कमी होते. ६·३ व्होल्टवर चालविताना नलिकेच्या ४ व ५ या खिळ्या एकत्र जोडून ते एक टोक व ९ वी खिळी हे दुसरे टोक धरतात.

बांधणी : ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा सांगाडा वापरतात. शक्ति-रोहित्र एका टोकास व आदान रोहित्र दुसऱ्या टोकास ठेवून दोघांचे अक्ष परस्परांशी काटकोनात ठेवतात. आदान रोहित्राला निकेल-लोह मिश्रधातूचे आच्छादन असणे इष्ट असते. तापकाच्या तारा एकमेकींभोवती घट्ट पिळून सांगाड्याच्या कोपऱ्यातून नेतात. जालकाची तार शक्य तितकी आखूड ठेवून नलिकेच्या बैठकीजवळच तीत १ किलोओहमचा रोधक घालतात. त्यामुळे नभोवाणीच्या तरंगांचा शिरकाव टळतो. भूमीच्या सर्व जोडण्या एका जाड तारेवर क्रमाने आणून ती तार आदान टोकाजवळ एकाच ठिकाणी सांगाड्यास जोडतात. अनेक ठिकाणी जोडल्यास सांगाड्यातून वाहणारा पुरवठ्याचा प्रवाह संकेतात मिसळतो. घरगुती पुरवठ्याची भूतार मात्र सांगाड्याला स्वतंत्रपणे व पक्की जोडावी लागते.

सुरक्षितता : या मंडलातील विद्युत् दाब प्राणघातक असतात. शक्ति-रोहित्र न वापरता घरगुती पुरवठा थेट एकदिशित करण्याची पद्धत काही जुन्या स्वस्त रेडिओंत होती. ध्वनिग्राहक हातात धरावयाचा असल्याने पूर्वविवर्धकात ती सर्वथा वर्ज्य आहे. रोहित्राच्या प्राथमिक बाजूस वितळतार व दोन्ही तारा तोडणारा खटका आवश्यक असतो. पुरवठा तोडल्यानंतरही धारित्रांत विद्युत् भार शिल्लक असतो. वर दिलेल्या मूल्यांनुसार ५० सेकंदांनंतरही सुमारे ५० व्होल्ट उरतात. म्हणून तीन मिनिटे थांबून व मल्टिमीटरने दाब शून्याजवळ आल्याची खात्री करूनच आत हात घालावा. चालू मंडलात मापन करताना मापकाची ऋण तार आधी भूमीला अडकवून एकाच हाताने काम करावे. विच्छेदक रोधक तुटलेला असू शकतो, हे ध्यानात ठेवून केवळ वेळेवर विसंबू नये.

दोषशोधन : दोषशोधनाचा आरंभ ऐकण्यापेक्षा मापनाने करणे श्रेयस्कर असते. प्रथम नलिका न बसविता पुरवठ्याचे दाब तपासतात. भार नसल्याने ते थोडे अधिक दिसतात. नंतर नलिका बसवून एक मिनिटाने धनाग्र व ऋणाग्र यांवरील दाब मोजतात. अपेक्षित मूल्यांपासून पंधरा-वीस टक्के फरक सामान्य समजावा. त्याहून मोठा फरक दोषाची जागा दाखवितो. पहिल्या त्रिप्रस्थाच्या धनाग्रावर पूर्ण २५० व्होल्ट व ऋणाग्रावर शून्य दाब असल्यास नलिकेतून प्रवाह वाहत नाही. तापक थंड आहे काय, हे आधी पाहतात. धनाग्रावर पूर्ण दाब असून ऋणाग्रावर अपेक्षेपेक्षा बराच अधिक दाब दिसल्यास ऋणाग्र-रोधक तुटलेला असतो. ऋणाग्रावर शून्य व धनाग्रावर १०० व्होल्टपेक्षाही कमी दाब असेल, तर ऋणाग्राच्या धारित्रात आतून संपर्क झालेला असतो. पुरवठा ठीक असून धनाग्रावर शून्य दाब असेल, तर १०० किलोओहमचा रोधक तुटलेला असतो. दुसऱ्या त्रिप्रस्थाच्या ऋणाग्रावर साधारण ८७ व्होल्ट मिळावयास हवेत.

दाब योग्य असूनही आवाज सदोष असल्यास आवाजाच्या जातीवरून कारण ओळखता येते. खर्जातील ५० हर्ट्‌झची गुणगुण तापकाच्या तारा, रोहित्राचे चुंबकीय क्षेत्र किंवा तुटलेले आच्छादन यांपासून येते. त्याहून तीव्र अशी १०० हर्ट्‌झची गुणगुण छानक मंडलातील निकामी धारित्र दर्शविते. या दोहोंतील निवाडा करण्यासाठी पहिले जालक भूमीला जोडून पाहतात. गुणगुण थांबली तर दोष आदान बाजूस असतो, न थांबल्यास तो पुढे किंवा पुरवठ्यात असतो. आदान रोहित्राचे द्वितीयक वेटोळे तुटल्यास जालक अधांतरी राहून मोठी घरघर ऐकू येते. आवाज-नियंत्रक फिरविताना खरखर होत असेल, तर बहुधा त्याच्या आधीच्या धारित्रातून एकदिश दाबाची गळती होत असते. अशा वेळी नियंत्रक बदलून उपयोग होत नाही. बोट लावल्याप्रमाणे ‘डग-डग’ असे मंद दोलन होत असल्यास पुरवठ्याचे शेवटचे धारित्र सुकलेले असते. नलिकेवर लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारल्यास घंटेसारखा नाद येत असेल, तर नलिकेतील अग्रे सैल झालेली असतात. ती नलिका पहिल्या टप्प्यातून काढून कमी विवर्धनाच्या ठिकाणी वापरता येते. सततची फसफस व अधूनमधून होणारा कडकडाट बऱ्याचदा जुन्या कार्बन रोधकामुळे होतो. धनाग्राचा रोधक धातुपटलाचा घातल्यास तो थांबतो. पूर्वविवर्धकातून नभोवाणीचा कार्यक्रम ऐकू येत असल्यास सोल्डरचा एखादा कच्चा सांधा किंवा आदान तारेच्या आच्छादनाची सुटलेली जोडणी शोधावी.

ट्रॉम्बेसारख्या खाडीकाठच्या प्रदेशात हवेतील आर्द्रता व क्षार यांमुळे आणखी काही दोष उद्‌भवतात. नलिकेच्या बैठकीवर धुळीचा व क्षारांचा दमट थर बसला म्हणजे धनाग्राच्या खिळीकडून शेजारच्या जालकाच्या खिळीकडे अल्प प्रवाह वाहू लागतो. उच्च रोधाच्या जालक-मंडलात तेवढ्यानेही ऋण दाब बिघडतो व पावसाळ्यात खरखर वाढते. पुरवठा तोडून व धारित्रे रिकामी झाल्याची खात्री करून बैठक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करणे आणि खिळ्यांवरील गंज काढणे हा त्यावरील उपाय होय. अनेक वर्षे बंद पडलेल्या उपकरणातील विद्युत् विच्छेद्य धारित्रे एकदम पूर्ण दाबाखाली आणल्यास फुटण्याचा संभव असतो. ती बदलणेच हितावह ठरते.

सद्यःस्थिती : बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या कारखान्यात पूर्वी रेडिओसाठी लागणाऱ्या नलिका तयार होत. अशा नलिकांचे उत्पादन आता प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया व चीन या देशांत होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील दुकानांत रोधक, धारित्रे व इतर घटक मिळतात. मापनाच्या क्षेत्रातून नलिका जवळजवळ हद्दपार झाली असून अणुकेंद्रीय अभिज्ञातकांच्या पूर्वविवर्धकांत आता क्षेत्र-परिणाम ट्रँझिस्टर वापरतात. पहिला ‘अप्सरा’ विक्रियक २००९ साली बंद करण्यात आला व त्याच्या जागी उभारलेला सुधारित विक्रियक २०१८ साली कार्यान्वित झाला. ध्वनिमुद्रणात मात्र नलिकेचा वापर टिकून आहे. मर्यादेपलीकडचा संकेत आल्यास नलिकेतील विकृती हळूहळू वाढत जाते व कानास ती कमी बोचते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. गोंगाट, विकृती व टिकाऊपणा या कसोट्यांवर चांगला ट्रँझिस्टरी पूर्वविवर्धक सरस ठरतो. तरीही प्रत्येक अग्रावरील दाब मोजून मंडलाचे कार्य प्रत्यक्ष पडताळता येत असल्यामुळे विवर्धनाची तत्त्वे शिकण्याचे साधन म्हणून नलिकायुक्त पूर्वविवर्धकाचे महत्त्व कायम आहे.